नर्सबाईंच्या रजिस्टरातले डॉक्टर

खिल्लारे नर्सबाईंना नुसता नमस्कार कधी जमलाच नाही. समोरचा माणूस हात जोडायला गेला की त्यातला एक हात त्या सरळ आपल्याकडं ओढून घ्यायच्या, मनगटावर तीन बोटं टेकवायच्या आणि "मंग, घरी कसं काय?" असं विचारत स्वतःच्या घड्याळाकडं बघत राहायच्या. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. आपण आपलं घरचं गाऱ्हाणं सांगत असायचो आणि बाई नाडी मोजत असायच्या. कनेरगाव नाक्यावर रस्ता विचारायला थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरचीही त्यांनी अशीच नाडी बघितली होती. "वाशिम सरळ हाय, पण तू आधी झोप काढ," असं म्हणून त्याला धाब्यावरच्या खाटेवर आडवा केला. तो झोपलाही बिचारा. संध्याकाळी उठून बाईंच्या पाया पडून गेला.

नाक्यावर माझं एसटीडी आणि झेरॉक्सचं दुकान होतं, शहाण्णव साली टाकलेलं. पिवळा बोर्ड, काचेची एक खोली, खडखड करणारा टेबलफॅन. दुकानाच्या पाठीमागं बाईंचं दोन खोल्यांचं घर. आमच्या भागातल्या उपकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली. यजमान लवकर गेले. मुलगा औरंगाबादला कंपनीत लागला. बाई रिटायर झाल्या तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता बाई लेकाकडं जाणार. मीही धरून चाललो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा बरंही वाटलं होतं. बाईंना रिकामं बसलेलं माणूस बघवायचं नाही आणि माझा तर धंदाच बसून राहायचा.

पण बाई कुठंही गेल्या नाहीत. पांढरी साडी तीच, घड्याळ तेच, सकाळी आठला कुलूप लावून घराबाहेर पडायचं तेही तेच. फक्त जायला उपकेंद्र उरलं नव्हतं, म्हणून माझ्या दुकानात यायच्या.

बाईंचा एक दावा होता. नाक्याच्या आसपासच्या गावांतलं जे काही माणूस चालतं-बोलतं आहे ते त्यांच्या हातावर जन्मलेलं आहे. मी एकदा म्हणालो, "बाई, मी आजोळी झालो, जिंतूरला. माय सांगते माझी."

"तुझ्या मायला काय ठाव?" बाई म्हणाल्या. "ती बेसुध होती."

पुढं तर त्या माझ्या जन्माची हकिकत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि ऐकून ऐकून मलाही ती खरी वाटायला लागली होती.

या बाळंतपणांत त्यांच्या जोडीला असायची मागच्या तांड्यावरची दाई, सोमली राठोड. बाईंपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, शाळेचं तोंड न बघितलेली, आवाज असा की तांड्यावरून हाक मारली तर नाक्यावरची कुत्री उठून बसायची. बाई पाणी उकळा म्हणायच्या, सोमली म्हणायची, "काहून? लेकरू काय पाणी पिऊन राहिलंय का?" या एका उकळत्या पाण्यावर दोघी वीस-पंचवीस वर्षं भांडल्या. रिटायर झाल्यावरही दर रविवारी सोमली तांड्यावरून चालत यायची, बाईंच्या ओट्यावर बसायची, दोघी कडाकडा भांडायच्या आणि चहा पिऊन सोमली परत जायची. एखाद्या रविवारी काही कारणानं भांडण राहिलंच तर बाई सोमवारी तांड्यावर जाऊन ते करून यायच्या.

दोन हजार पाचच्या सुमाराला गोरगरीब म्हाताऱ्यांचा सरकारी विमा निघाला. पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर फोटो चिकटवलेला, खाली अंगठा. म्हातारं माणूस दवाखान्यात दाखल झालं तर बिल विमा भरणार. आमच्याकडं शिबिर झालं, फोटोवाला आला, आणि ज्यांनी लग्नातसुद्धा फोटो काढला नव्हता असे म्हातारे-म्हाताऱ्या केसांना तेल लावून रांगेत बसले. कार्डाला अट एकच होती. दवाखाना यादीतला पाहिजे. यादीचा एकच कागद होता आणि तो झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून इतका पुसट झाला होता की निम्मे आकडे अंदाजानं वाचावे लागायचे. शिवाय आमचा जिल्हा परभणीतून नुकता कुठं वेगळा झालेला, त्यामुळं यादी अजून अर्धी परभणीची. वाशिम आम्हाला हाकेच्या अंतरावर, पण ते विदर्भात आणि यादी मराठवाड्याची, म्हणून वाशिमचा एकही डॉक्टर तिच्यात नव्हता.

मारोती आजा नावाचे एक म्हातारे हर्नियानं बेजार होते. कार्ड घेऊन तीन दवाखाने फिरून आले आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. "समदीकडं जागा न्हाई म्हणतेत," ते म्हणाले.

बाई आतच होत्या. त्यांनी आजांची नाडी बघितली, यादी हातात घेतली आणि मला म्हणाल्या, "लाव फोन. वरून सुरू कर."

पहिला नंबर लाकडाच्या वखारीत लागला. दुसरे डॉक्टर वारले होते आणि त्यांचा मुलगा ट्रॅक्टरचे स्पेअरपार्ट विकत होता. "तुमचं ट्रॅक्टर कोणतं?" असं तोच आम्हाला विचारायला लागला. तिसरे डॉक्टर पुण्याला गेलेले. चौथे कातडीचे निघाले. "हर्नियाला मलम लावील का रे हा?" बाईंनी मला विचारलं, जसा काही तो माझा मेहुणा होता. पाचव्या ठिकाणी फोन उचलला, मी म्हणालो, "विम्याचं कार्ड आहे, पेशंट आणायचाय," आणि पलीकडून आवाज आला, "खाट शिल्लक नाही."

मग बाईंनी स्वतः रिसीव्हर घेतला आणि तोच नंबर पुन्हा लावायला सांगितला. आवाज एकदम सावकारिणीसारखा. "हॅलो, माझ्या भावाला दाखल करायचंय. खाट हाय का? हाय? रिकामीच हाय ना? आज येतो मंग. बराबर. अन् हे बघा, कार्ड बी हाय आपल्याकडं." आणि खाडकन फोन ठेवून दिला.

"आधी खाट, मंग कार्ड," त्या मला म्हणाल्या. "उलटं करू न्हाई कधी."

आम्ही तिघं एसटीनं हिंगोलीला गेलो. मी का गेलो हे मला अजून कळलेलं नाही. बाईंनी दुकानाला माझ्याच कुलुपानं कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पिशवीत टाकली, एवढं आठवतं. दवाखान्यात काउंटरवरच्या माणसानं कार्ड बघितलं आणि फोनवर असलेली खाट तिथल्या तिथं नाहीशी झाली. "आत्ताच भरली," तो म्हणाला. बाईंनी अजिबात वाद घातला नाही. "बरं," म्हणाल्या, "याला जरा लघवीला नेऊन आणते," आणि आजांचा हात धरून आत गेल्या. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मग एकट्याच परत आल्या.

"अकरा खाटा हायेत," त्यांनी काउंटरवर सांगितलं. "नऊ माणसं. एक खाट मोडलेली. एकीवरची चादर मळली होती, ती मी बदलली. पेशंट झोपलाय. ब्लडप्रेशर तेवढं लिहून घ्या."

तो माणूस वर पळाला. मागोमाग डॉक्टर आले, पिकल्या केसांचे, जरा तापट. वर मारोती आजा डोळे गच्च मिटून पडले होते, कारण बाईंनी उघडू नका म्हणून बजावलं होतं. डॉक्टरांनी आजांकडं बघायच्या आधी खाटेकडं बघितलं. चादरीची चारी टोकं शिस्तीत घडी घालून गादीखाली खोचलेली, एक सुरकुती नाही. "कोणी केली ही खाट?" त्यांनी विचारलं. बाईंनी हात वर केला. डॉक्टरांनी आपल्या दोन पोरसवदा नर्सना बोलावलं, पाच मिनिटं ती चादर दाखवली आणि मग आजांचं कार्ड मागितलं. ऑपरेशन झालं. आजा पुढं कित्येक वर्षं तो टाका येईल त्याला बंडी वर करून दाखवत होते.

त्या दिवसापासून बाईंचं रजिस्टर सुरू झालं. लसीकरणाचं जुनं, कोरं राहिलेलं जाड रजिस्टर त्यांच्याकडं पडून होतं. बालकाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, पहिला डोस, दुसरा डोस, तिसरा डोस, बूस्टर, शेरा. बाईंनी रकाने खोडले नाहीत. बालकाच्या रकान्यात डॉक्टरचं नाव घातलं. वडिलांचा रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून त्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत वडिलांचं नाव विचारायच्या आणि डॉक्टरही गोंधळून सांगायचे. एकदा भेटून आल्या की पहिला डोस.

"सुई बघितली की मायी लेकरं कणगीमागं लपवायच्या," त्या सांगायच्या. "एकदा गेलं की न्हाई सापडत. तीनदा गेलं की सापडतेत. डाक्टर बी लेकरंच हायेत रे. कार्डाला भितेत. आपण चिडायचं न्हाई. पुन्हा जायचं."

शेऱ्याच्या रकान्यात मजा असायची. 'रडतो पण घेतो.' 'घरी सापडला नाही.' 'ताप आला', म्हणजे डॉक्टर चिडला होता असं समजायचं. दोन वर्षांत हिंगोली, कळमनुरी, परभणी, नांदेडची मिळून चौदा-पंधरा बालकं झाली. कोणा म्हाताऱ्याला काय झालंय हे कळलं की बाई रजिस्टर उघडायच्या, बोट फिरवायच्या आणि "याचे तीन झालेत, इथं जा," असं सांगायच्या. पार नरसी गावापासून लोक विचारत विचारत माझ्या दुकानात यायला लागले. एकानं तर मलाच डॉक्टर समजून जीभ बाहेर काढून दाखवली.

यादीत हाडाचा डॉक्टर एकच होता, नांदेडला. तरुण होता. पहिल्या भेटीत बाईंनी नेहमीप्रमाणं सुरुवात केली, "लेकरा, तू माझ्याच हातावर झालास."

"मावशी, मी कोल्हापूरचा," तो म्हणाला.

बाई क्षणभरही अडखळल्या नाहीत. "तरीच," म्हणाल्या. "अंगानं भरलेला हायेस." शेरा पडला, 'बाहेरगावचं बालक.'

दुसऱ्या भेटीत त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. त्याला कार्डाचं वावडं नव्हतं. पण विम्याचे कागद तीन-तीनदा परत यायचे. कधी शिक्का नाही, कधी सही आडवी. "मावशी, मी हाडं जोडू का कागद जोडू?" तो म्हणाला. बाई त्याच्यावर खूश होऊन आल्या. शेऱ्यात लिहिलं, 'खरं बोलतो.' तिसरा डोस राहिला होता.

तेवढ्यात सोमली पडली.

हरभरा सोंगायचे दिवस होते. पाण्याच्या टाक्यापाशी शेवाळ होतं, त्यावरून पाय सटकला. बाई तांड्यावर जाऊन आल्या आणि माझ्या दुकानात येऊन बसल्या. माझा हात धरला नाही. नाडी बघितली नाही. मला तेव्हाच कळलं की काहीतरी मोठं झालंय.

"खुबा मोडलाय तिचा," त्या म्हणाल्या. "पाय बाहेर वळलाय. लवकर ऑपरेशन झालं तर चालंल. न्हाई तर जल्मभर खाटेवर." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला भ्याव वाटून राहिलंय, वसंता."

बाई भितात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मुकाट्यानं नांदेडचा नंबर लावला. बाईंनी रिसीव्हर घेतला, घसा खाकरला आणि वेगळाच आवाज काढून हिंदीत विचारलं, "हलो, बेड खाली है क्या?"

"खिल्लारे मावशी, नमस्कार," पलीकडून डॉक्टर म्हणाला. "कार्डवाला पेशंट ना?"

काचेच्या खोलीत मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. बाईंची युक्ती अशी उघडी पडलेली मी कधी बघितली नव्हती. मग त्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "व्हय लेकरा. कार्ड हाय. माझी मैत्रीण हाय."

डॉक्टरनं विचारलं, "कागद कोण करणार, मावशी?"

"कारकुनी आमच्याकडं," बाई म्हणाल्या. "हा वसंता रिकामाच बसलाय इथं."

मी दोन्ही हातांनी नाही नाही अशा खुणा केल्या. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि फोनमध्ये सांगितलं, "तो तर एका पायावर तयार हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी-पिवळी जीप करून बाई सोमलीला घेऊन नांदेडला गेल्या. सोबत सोमलीची सून. दुपारी माझ्या दुकानात फोन वाजला. "वसंता," बाईंचा आवाज, "घोळ झालाय."

घोळ असा होता. कार्डं वाटली त्या दिवशी बाईंनी तांड्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, हे कार्ड म्हणजे घरातली लक्ष्मी, जिवापाड जपा. तांड्यानं बाईंचा शब्द खाली पडू दिला नाही. दिवाळीला लक्ष्मीपूजनात घरोघरी कार्ड दिव्यापुढं मांडलं गेलं, त्याला हळद-कुंकू लागलं, तेलाचा हात लागला, अक्षता पडल्या. एक नाही, दोन दिवाळ्या. आणि सोमली तर सगळ्यांत भाविक. तिनं अंगठा भरून ओलं कुंकू बरोबर फोटोवर लावलं होतं. कार्डावर चेहऱ्याच्या जागी लाल ठिपका आणि त्यात चिकटलेले दोन तांदूळ. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ही बाई सोमली राठोडच आहे कशावरून?

"सोमले, तोंडालाच काहून लावलं गं?" बाई तिथल्या तिथं ओरडल्या म्हणे.

सोमली स्ट्रेचरवरून म्हणाली, "लक्ष्मीच्या कपाळाला लावतेत. तूच म्हणलीस लक्ष्मी हाय."

"अगं पण फोटो तुझा होता!"

"मंग मी काय कमी हाय का?"

विमा ऑफिसनं फोनवर सांगितलं, ओळखीचा दाखला आणा, शिक्क्याच्या साहेबाचा, उद्या बारापर्यंत. बारानंतर डॉक्टरचं ऑपरेशनचं टेबल दुसऱ्याला जाणार होतं आणि पुढचा नंबर आठवड्यानं. "नांदेडात मला कोण ओळखतंय?" बाई मला म्हणाल्या. "तू तांड्यावर जा. विचार, आपलं कोणी तिथं साहेब झालंय का."

मी लूना काढली. एरवी ही लूना उतारावरही ढकलावी लागायची, त्या दिवशी मात्र तिनं माझी लाज राखली. तांड्याच्या नायकानं डोकं खाजवलं, मोठमोठ्यानं चार घरांना विचारलं आणि सांगितलं, प्रेमसिंगचा थोरला पाटबंधारे खात्यात साहेब आहे, नांदेडलाच. नंबर मिळवला, फोन लावला, सगळं सांगितलं. साहेब फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "सोमली याडी? येतो." याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई.

पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. सकाळी सफारी घालून, शिक्का खिशात घेऊन ते दवाखान्यात गेले. दाखल्याच्या कागदावर एक ओळ होती, सदर व्यक्तीस आपण किती वर्षांपासून ओळखता? साहेबांनी लिहिलं, 'माझ्या जन्माच्या अर्धा तास आधीपासून.' काउंटरवरचा माणूस म्हणाला, साहेब, हे असं चालत नाही. साहेब म्हणाले, "माझी आई अडली होती. आधी या आल्या, मग मी आलो. खरं तेच लिहिलंय."

सोमलीनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "प्रेमसिंगचा ना तू?" ती भर हॉलमध्ये म्हणाली. "पायाकडून आला होतास. लई तकलीफ दिलीस मायला."

साहेब लाल झाले. बाई लगेच पुढं सरसावल्या, "व्हय, मला बी आठवतंय, मीच तर याला..."

"तू कुठं होतीस?" सोमलीनं मध्येच तोडलं. "तू त्या दिवशी कळमनुरीला मिटिंगला गेली होतीस."

बाईंनी जन्मात पहिल्यांदा एक बाळंतपण सोडून दिलं. दाखल्यावर शिक्का बसला, बाराच्या आत कागद गेला, सोमलीच्या खुब्यात लोखंड बसलं. कारकुनी अर्थातच मी केली. अठरा पानं आणि तीन फॅक्स. डॉक्टरच्या नावापुढं तिसऱ्या डोसची तारीख पडली आणि शेरा आला, 'गुणाचं लेकरू.' परत आल्याबरोबर बाईंनी तांड्यावरची सगळी कार्डं गोळा केली, माझ्याकडून फोटो पुसून घेतले, जे पुसले गेले नाहीत त्यांचे नवे काढून लावले आणि सगळ्यांना प्लॅस्टिक चढवून घेतलं. वाटताना म्हणाल्या, "ही लक्ष्मी न्हाई. हा नुसता पुठ्ठा हाय. कळलं का?"

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सोमली चालेना.

टाके निघाले, महिना झाला, दोन झाले. डॉक्टर फोनवर सांगायचा, हाड जुळलंय, आता चालवा. बाई रोज तांड्यावर जायच्या. नांदेडहून आणलेला लोखंडी वॉकर खाटेपुढं ठेवायच्या. सोमली खाटेपासून दारापर्यंत तीन पावलं टाकायची आणि परत बसायची. "हा पाय माझा न्हाई," म्हणायची. "तुझ्या डाक्टरानं आत लोखंड घातलंय. लोखंड चालत असतंय का?" बाई ओरडल्या, गोड बोलल्या, हात धरला, हात सोडला. काही उपयोग नाही. सोमलीच्या आवाजातला जोर गेला होता, आणि बाईंना त्याचीच जास्त धास्ती होती.

एक दिवस माझ्या दुकानात बसून बाई म्हणाल्या, "खाट मिळाली, डाक्टर मिळाला, कार्ड चाललं. आता तिचा पाय उचलायला कोणाला फोन लावू, सांग."

माझ्याकडं असा नंबर नव्हता. मी चहा सांगितला.

त्यातच औरंगाबादहून मुलाचा फोन आला. सुनेला नोकरी लागली होती, लेकरू लहान होतं, घरात कोणी नाही. आई, आता ये. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि जायचं ठरवलं. कायमचं. सामान दोन ट्रंका आणि एक पातेलं, ज्यात त्या पाणी उकळायच्या. रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. "सहा महिन्यांनी एकेकाला बूस्टर देत जा," म्हणाल्या. मी हो म्हणालो. पुढं मी ते दिलेही, पण मला पाहून डॉक्टर काही लपत नसत, त्यामुळं मजा नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी बाई तांड्यावर जाऊन आल्या. मी दुकान बंद करत होतो. मला वाटलं नेहमीसारखं भांडून आल्या असतील. पण बाई पायरीवर बसल्या.

"भिंतीकडं तोंड करून पडली," त्या म्हणाल्या. "बोलली न्हाई. मी काय काय बोलले तरी भांडली सुदिक न्हाई रे." आणि पदर डोळ्यांना लावला. मी शटर खाली ओढायचं सोडून तसाच उभा राहिलो.

सकाळी आठची गाडी होती. नाका सगळा जमला होता. मारोती आजा होते, धाब्यावरची माणसं होती, आणि बाई एकेकाची नाडी बघून निरोप घेत होत्या, त्यामुळं वेळ लागत होता. गाडी आली. ट्रंका वर चढल्या. बाईंनी एक पाय पायरीवर ठेवला, आणि कोणीतरी म्हणालं, "ते बघा."

तांड्याच्या रस्त्यानं सोमली येत होती. वॉकर पुढं टेकवायची, एक पाय टाकायची, दुसरा ओढायची, थांबायची. पुन्हा वॉकर पुढं. मागं दहा हातांवर सून चालत होती, मोकळ्या हातांनी, कारण सोमली तिला जवळ येऊ देत नव्हती. पाऊण किलोमीटरचा रस्ता. तांड्यावरून ती किती वाजता निघाली असेल देव जाणे. पोलक्याची पाठ घामानं भिजली होती.

बाई पायरीवरून खाली उतरल्या. मला वाटलं आता या गळ्यात पडणार. कसलं काय!

"तुला अक्कल हाय का सोमले?" बाई कडाडल्या. "एवढं चालायला कोणी सांगितलं तुला? आत सगळं हाललं म्हंजे? तीन पावलं टाकणारी बाई, एकदम इथवर!"

"तूच म्हणलीस चाल!" सोमलीचा तोच जुना आवाज. पलीकडच्या धाब्यावरचं कुत्रं उठून बसलं. "तीन महिने डोकं खाल्लंस. चालली तर आता काहून चालली म्हणून राहिली!"

"हळूहळू चालायचं असतंय!"

"हळूहळू आली असती तर तुझी गाडी गेली असती!"

कंडक्टरनं घंटी मारली. कोणी ऐकलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा मारली. मग मी आणि आजांनी मिळून बाईंना अक्षरशः आत चढवलं. बाई खिडकीशी जाऊन बसल्या आणि खिडकीतून भांडण तसंच पुढं चालू राहिलं, अंग पुसून घे, रिक्षानं जा, पाणी उकळून पी. गाडी हालली. बाईंनी मान बाहेर काढली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड चालूच होतं. मला बाई दिसल्या त्या शेवटच्या अशा. गाडी लांब गेली तसा आवाज येईना, नुसते ओठ हालताना आणि बोट नाचताना दिसत होतं.

सोमली वॉकरला धरून उभी होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती बसली नाही.

"काय म्हणून राहिली होती ती शेवटी?" तिनं मला विचारलं.

ऐकू मलाही आलं नव्हतं. "हळू जा म्हणाल्या," मी सांगून टाकलं. "अन् रिक्षानं जा म्हणाल्या."

"तिचं काय ऐकायचं," सोमली म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, वॉकर उचलून तांड्याच्या दिशेनं वळवला, टेकवला, आणि चालायला लागली.